मालिनची नाळ

सांता युलालिया, ४ मे

चि. पेत्रोनास अ. उ. आशीर्वाद.

दोन महिने तुला उत्तर लिहिलं नाही, माफ कर. शाळेच्या परीक्षा हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. परदेशी लोकांच्या तुमच्याकडे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व द्यायचं की नाही, यावर रेडिओवर रोज भांडण चालतं. दवाखान्यात कागद मागतील, पकडतील, या भीतीने तू तिथे न जाता ह्युस्टनच्या खोलीत सुईणीच्या हातून बाळंत झालीस, हे वाचून हात लिहायला धजेना.

मालिनची नाळ मावशीने तिकडून सुखरूप आणली. मुलीची नाळ चुलीशी पुरायची आपली रीत, म्हणून आईने ती आपल्या चुलीजवळ पुरली. पेत्रोना विजेच्या शेगडीखाली काय पुरणार होती, असं म्हणून आई हसत होती. मग ठेवणीतलं नेसून नोंदणी कचेरीत गेली आणि नात इथेच जन्मली असं शपथेवर सांगून जन्माचा दाखलाच घेऊन आली. मी चिडले, तर मास्तरीणबाईंना एवढंही कळत नाही का, नाळ इथे म्हणजे पोर इथली, असं मलाच ऐकवलं.

दाखला सोबत पाठवते. पोरीला एक तरी देश असावा, असं वाटलं. बरोबर केलं का, ठाऊक नाही.

दूध येतं का, ते आधी कळव.

तुझी ताई,
मिकाएला

ह्युस्टन, २१ मे

ती. ताईस शि. सा. न.

कुणी ऐकेल म्हणून फोनवर हे बोलायला बाल्तासार घाबरतो, म्हणून लिहिते. जितके कागद जास्त तितकं बरं, असं समजून त्याने तो दाखला आपल्या लेकीच्या इथल्या जन्मनोंदणीच्या अर्जाला जोडला. कारकूनबाईने वाचला आणि सगळा गठ्ठा परत सरकवला. मुलगी तिकडे जन्मली, मग इकडे कशाला आलात, म्हणाली. आता सुईणीच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार?

वकीलबाई म्हणतात, अशा मुलांना नागरिकत्व नाकारणारा नवा नियम सध्या कोर्टाने अडवलाय, मालिन इथली ठरू शकते. पण आधी तो दाखला रद्द हवा, आणि त्यासाठी खोटं सांगितल्याचं आईने कबूल करायला हवं. ताई, तो गेला आणि इकडचाही मिळाला नाही, तर? बाल्तासार म्हणतो, तिला टपालाचं तिकीट लावू, पोचेल तो तिचा देश. त्याचे विनोद आता असे झालेत.

दूध येतं. ती हसायला लागलीय. आईला रागावू नकोस.

माया असू दे,
पेत्रोना

सांता युलालिया, ५ जून

चि. पेत्रोनास अ. उ. आशीर्वाद.

कचेरीत विचारून आले. आईला दंड होईल. वय पाहून तुरुंग कदाचित टळेल. साहेबांनी हळूच असंही सुचवलं की हातातला कागद फाडू नका. मला दोन्ही बाजू दिसतात, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. दाखला राहिला, तर त्याच्या जोरावर मालिनला परदेशी ठरवून कधीही तुझ्यापासून तोडतील, एवढं मात्र कळतं.

आईला सगळं सांगितलं. दंडाला ती भ्यायली नाही. चुलीजवळची माती हाताने सपाट करत बसली, आणि मग ही नाळ उकरून परत पाठवायची का, एवढंच विचारलं.

मालिनचा पापा घे. आमच्यावर राग धरू नकोस.

मिकाएला

ता. क. उद्याचं काम: आईला कचेरीत नेऊन, नात इथली नाही, हे तिच्या तोंडून वदवणे.