तापलेलं दिसत नाही

ती. आईस,

लांबूनच वाकून नमस्कार. तुझा चष्मा अजून सापडला नसेल, म्हणजे वहिनीच वाचून दाखवत असणार. मी मजेत आहे, पोटभर जेवते. अक्षर गिचमिड आलंय, कारण खोलीतलं टेबल डुगडुगतं.

कामात जम बसलाय. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा भट्टीत मऊ करून साच्याच्या भोकातून रेटतात आणि टूथपेस्टसारखी खिडकीच्या चौकटीची लांबलचक दांडी बाहेर येते. ती ताणून सरळ करायची, निवली की कापायची, मग केसाइतकाही फरक न ठेवता भोकं पाडायची. गरम असताना मापली तर नंतर आखडते. माझ्यासारख्या उतावळीला हे शिकवणं म्हणजे फोरमनचीच परीक्षा!

एक गंमत सांगते. लोखंड तापलं की लाल होतं, हे मात्र तापलं तरी तसंच चंदेरी. मला वाटलं, निवलं. हातमोजे न घालताच उचलायला गेले.

बरं, टेबल डुगडुगत नाही. उजवा हात भाजलाय, डाव्याने लिहितेय. डॉक्टर म्हणाले, लवकर भरेल. रडू नकोस.

आता आधी पाण्याचा थेंब टाकून बघते. चर्र झालं की हात मागे. दर वेळी तू आठवतेस. फोनवर खोकतेस आणि वर म्हणतेस, "मला काय धाड भरलीय?" तुझंही तापलेलं दिसत नाही, आई.

वहिनी, वाचणं जरा थांबव. आधी तिच्या कपाळाला हात लाव.

तुम्हा दोघींचं,
शेंडेफळ