सांगणारं मूल

चिंचवड स्टेशन
७ ऑक्टोबर १९७७

ती. आई यांना पद्माचा नमस्कार.

आम्ही सुखरूप पोहोचलो. हे कळवायला उशीर झाला, घर लावण्यात राहून गेलं. एस.टी.त चारू रडली नाही. भोसरीपर्यंत खिडकीतून बघत होती, मग झोपली. तुम्ही दिलेली गोधडी आणि लाकडी बैल दोन्ही नीट आले. बैल तिच्या हातातून सुटत नाही.

तुमची प्रकृती बरी असेल. गुरुदत्त भाऊजींच्या परीक्षेचा निकाल लागला का ते कळवावं.

इथली व्यवस्था अशी आहे. चारूसाठी पुण्याहून निळा प्लॅस्टिकचा पॉट आणला आहे. कंपनीतल्या एका बाईंनी मुलांच्या संगोपनावरचं इंग्रजी पुस्तक दिलं, त्यात सांगितल्याप्रमाणे ठरलेल्या वेळी तिला त्यावर बसवते. अजून सवय नाही, पण होईल. सोजरबाई म्हणून चिंचवड गावातल्या एक बाई पाळणाघर चालवतात. त्यांची जागा बघून आले. जागा स्वच्छ आहे, बाई कडक आहेत. "सांगणारं मूल पाहिजे, बाई. शी-शू तोंडानं सांगितली पाहिजे. न सांगणारं मी घेत न्हाई," असं त्यांनी दारातच सांगितलं.

आपलं जे ठरलं ते माझ्या लक्षात आहे. माझी रजा ३ नोव्हेंबरला, गुरुवारी संपते. तोपर्यंत चारू सांगायला लागली आणि सोजरबाईंनी तिला ठेवून घेतलं, तर ती इथे राहील. नाही तर त्या दिवशी तुम्ही येऊन तिला चाकणला न्याल आणि ती शाळेत जाण्याजोगी होईपर्यंत मी विषय काढणार नाही. मधल्या काळात तुम्ही येऊ नये अशी विनंती आहे. तुम्हाला पाहिलं तर तिची इथली घडी पुन्हा विस्कटेल.

तुमच्याकडे तिचं काही कमी होत होतं म्हणून तिला इथे आणलं, असं नाही. इथे दवाखाना जवळ आहे, पुढे शाळा आहे. ही कारणं मी तेव्हाही सांगितली होती.

सौ. पद्मा

ता. क. चारूला झोपवताना तुम्ही काय म्हणता? मी काही म्हणायला लागले की ती माझ्या तोंडावर हात ठेवते. केवळ माहितीसाठी विचारते आहे.



चिंचवड स्टेशन
२४ ऑक्टोबर १९७७

ती. आई यांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ओव्या लिहून पाठवल्यात त्याबद्दल आभारी आहे. मी त्या वाचून म्हणते, त्यामुळे चाल बसत नाही.

दसऱ्याला आम्ही आलो नाही. ओव्हरटाइम होता असं ह्यांनी तुम्हाला कळवलं. ओव्हरटाइम नव्हता, मीच नको म्हटलं.

"माझ्याकडे गेल्या वर्षभरात पोरीनं एकदा परकर ओला केला नाही," असं तुम्ही लिहिलंत. इथे ती पॉटवर बसते, बैलाला पॉटच्या कडेवर चालवते, आणि उठते. पॉट कोरडा. जबरदस्ती न करता थांबावं असं पुस्तकात आहे, म्हणून मी थांबते. मग स्वयंपाकाला लागते. चारू उंबऱ्यापाशी बसलेली असते. कुकर होत येतो, मी ताटं घ्यायला वळते, आणि मागे फरशीवर पाणी. ती माझ्याकडे बघत असते. रडत नाही, लपत नाही, फक्त बघते. हे जवळजवळ रोज, आणि मी कामात असतानाच होतं. ती मुद्दाम करते आहे असं मला वाटू लागलं. सव्वादोन वर्षांच्या मुलाला मुद्दाम म्हणजे काय ते कळत नसतं, असंही पुस्तकात आहे. ते पान मी वाचलेलं होतं.

गेल्या सोमवारी सोजरबाईंकडे सकाळभर ठेवून बघितलं. मी पॉट आणि वापरायची रीत दोन्ही समजावून दिलं होतं. न्यायला गेले तर बाई चटई धूत होत्या.

"सकाळधरनं गप बसली व्हती," त्या म्हणाल्या. "मी भात उतरवला, स्टोव्ह बंद केला, अन् वळून बघते तर चटईवर तळं. दुसऱ्या पोरांच्या अंथरुणापातुर गेलं."

मी चटई भरून देते म्हटलं. त्या म्हणाल्या, "चटईचं न्हाई वो. पोरगी बोलतच न्हाई. काय गं, तुझी आई कुठंय?"

चारू म्हणाली, "चाकनला."

मी तिथेच, हातात तिची पिशवी घेऊन उभी होते. सोजरबाईंनी माझ्याकडे बघितलं. दिवाळीआधी एकदा आणून बघा, एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर तिला शी होईना. पोट घट्ट झालं, जेवण सुटलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि मूल कशाला तरी घाबरलं आहे का, असं विचारलं. मी नाही म्हणाले. परवा संध्याकाळी तिला कळ आली हे दिसत होतं, ती पाय आवळून भिंतीला टेकली होती. मी तिला उचलून पॉटवर बसवलं. ती उठली. पुन्हा बसवलं. मग मी तिच्या मांड्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या. किती वेळ ते माहीत नाही. ती ओरडली नाही, ताठ झाली. हे शिफ्टवरून आले तेव्हा मी तशीच बसले होते. मांड्यांवर माझ्या बोटांचे वळ होते.

ह्यांनी तिला उचलून घेतलं. जेवताना म्हणाले, "आईकडे पाठवू. तिचाही जीव सुटेल आणि तुझाही."

तुम्ही याल त्या गुरुवारपर्यंत वळ राहणार नाहीत. म्हणजे तुम्हाला दिसतील म्हणून मी आधीच लिहिते आहे, असं नाही. का लिहिते आहे ते मला नीट सांगता येणार नाही.

पद्मा



चिंचवड स्टेशन
१ नोव्हेंबर १९७७

ती. आई,

साष्टांग नमस्कार. गुरुदत्त भाऊजींचा एक मित्र आज चाकणला जातो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते, म्हणजे तुम्ही निघण्याआधी पोहोचेल.

रजा वाढते का ते विचारायला शुक्रवारी कंपनीत गेले होते. वाढणार नाही. साहेब म्हणाले, "पद्माबाई, तुम्हाला इन्स्पेक्शनला घेतलं तेव्हाच मला वरून विचारलं होतं, बाईमाणूस आहे, रजांचं काय करणार. तुम्ही शुक्रवारी चार तारखेला कामावर या, नाही तर मला दुसरा माणूस बघायला मोकळं करा." आवाज चढवला नाही. ते माझ्याशी नेहमी नीट बोलतात.

मी बाहेर बाकावर बसले. समोर एकजण जॉब, म्हणजे मशिनवरून उतरलेला लोखंडी भाग, साफ करत होता. आमच्याकडे त्यासाठी हवेची नळी असते, दाबली की जोरात हवा सुटते आणि कीस उडून जातो. त्यानं नळी दाबली. श्शूऽऽ. हा आवाज मी चार वर्षं रोज ऐकते आहे. त्या दिवशी तो ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची ओली फरशी आली.

कुकरची वाफ सुटते तेव्हा हाच आवाज होतो. स्टोव्ह बंद करताना हवा सोडतात, तेव्हाही हाच. चारू मला त्रास द्यायला ताटं घेण्याची वेळ बघत नव्हती. तिला कुणी तरी "कर" म्हणून सांगत होतं आणि ती करत होती. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बरोबर घडल्या तर इन्स्पेक्शनमध्ये आम्ही त्याला योगायोग म्हणत नाही, कारण शोधतो. ते माझं कामच आहे. घरी ते करायचं मला सुचलं नाही.

मग चाकणचं मागचं दार आठवलं. तुम्ही मोरीत पाटावर बसायचात, पाय पुढे करून. चारू तुमच्या पावलांवर, पाठ तुमच्या नडग्यांना टेकलेली. आणि तुम्ही तोंडानं शूऽऽ करत असायचात. दर गुरुवारी सुट्टीला तुमच्याकडे आले की मी हे बघितलं आहे. बघितलं म्हणजे समोर होते, वर्तमानपत्र वाचत. एकदा ह्यांना म्हटलंही होतं की ही पद्धत जुनी आहे, मूल स्वतः कधी शिकणार.

तुम्ही हे मला पत्रात लिहिलं नाहीत याचा मला राग आला. एस.टी. स्टँडपासून घरी येईपर्यंत राग होता. मग वाटलं, हे कुणी कुणाला लिहून कळवतं का? प्रत्येक बाई हे बघतच मोठी होते असं तुम्हाला वाटलं असणार. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. त्यानंतर आमच्या घरात तान्हं मूल आलं नाही. वडील आणि मी, मग हॉस्टेल. मी जे शिकले ते पुस्तकातून आणि मोजून.

त्या संध्याकाळी कुकर लावला नाही. हे शिफ्टला गेले होते. मोरीत पाट ठेवला, साडी खोचली आणि पाय पुढे करून बसले. चारूला बोलावलं नाही, कारण तिला धरून आणायची वेळ आली असती तर मी उठून गेले असते. ती बैल घेऊन आपणच दारात आली. माझ्या पायांकडे बघत राहिली. मग बैल बाहेर ठेवला, पाठ केली, आणि तशीच मागे सरकत येऊन माझ्या पावलांवर बसली. न बघता. जागा तिला माहीत होती. पाठ टेकवली. इथे आल्यापासून ती आपणहून मला टेकली नव्हती.

आणि माझ्या तोंडून आवाज निघेना. ओठ कोरडे पडले होते. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं. चारू मान वर करून मला म्हणाली, "शू कर."

मी केलं. पहिल्यांदा शिट्टीसारखं झालं, ती हसली. दुसऱ्यांदा जमलं.

आम्ही बराच वेळ तशाच बसलो होतो. माझ्या पायांना मुंग्या आल्या. पोटातलं सगळं साफ झालं. मग ती म्हणाली, "वहिनी, झालं."

परवापासून ती मला सांगते. शी म्हणत नाही, शू म्हणत नाही. माझ्यापुढे येऊन उभी राहते आणि म्हणते, "पाय." काल सोजरबाईंकडे घेऊन गेले. पॉट नेला नाही. तिचा शब्द सांगितला, बसवायची रीत दाखवायला लागले, तर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अवो, समद्या पोरांस्नी मी पायांवरच घेते. तुमी शिकलेल्या, निळं भांडं घेऊन आला. मला वाटलं तुमच्यात तसंच लागतं, आपण मधी बोलू न्हाई."

दुपारी चारू त्यांच्यापुढे जाऊन "पाय" म्हणाली. बाई म्हणाल्या, "चालंल. सांगतीया की."

म्हणजे आपलं ठरलं होतं त्याप्रमाणे ती इथे राहायला हरकत नाही. पत्र इथे संपायला हवं होतं.

यंदाच्या श्रावणात तुमच्याकडे शेजारच्या सोपानरावांची बायको बसली होती. मी फाटक उघडलं, तशी चारू ओरडत आत पळाली, "आई, वहिनी आली." त्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही हसलात. मीही हसले. गुरुदत्त भाऊजी मला वहिनी म्हणतात, तुम्हाला सगळेच आई म्हणतात, तिनं ऐकलं ते उचललं. यात कुणाचा दोष नाही हे मला तेव्हाही कळत होतं. तरी परतीच्या एस.टी.त मी ठरवलं की तिला आणायचं. दवाखाना आणि शाळा नंतर सुचले.

तिला समजावून सांगा, मला आई म्हणायला शिकवा, असं या पत्रात लिहिणार होते. लिहीत नाही. तिला कळ आली की ती "वहिनी, पाय" म्हणत मला शोधत येते. त्यातला एकही शब्द बदलायला मला सध्या भीती वाटते.

गुरुवारी या. तिचे कपडे न्यायला पिशवी आणू नका, तुमची लुगडी आणा आणि थोडे दिवस राहा. शुक्रवारी मी कामावर जाईन. सोजरबाईंकडून तिला आणायला ओळखीचं माणूस असलेलं बरं. ओव्यांची चालही मला तुमच्या तोंडून ऐकायची आहे. कुकर अजून लावत नाही, भात पातेल्यातच करते, तेवढं चालवून घ्या.

तुम्ही आलात की ती तुम्हालाच चिकटेल आणि माझ्याकडे यायची नाही, असं वाटतं. ह्यांनाही तसंच वाटतं, ते म्हणतात दिवाळीनंतर बोलाव. मी आत्ताच बोलावते आहे. मोरीत पाट एकच आहे. कुणाच्या पायांवर बसायचं ते ती सांगेल.

वाट बघते.

तुमची सून,
चारूची वहिनी,
पद्मा