चेंडूशिवायचा सराव

तीर्थरूप आईस, गुडघ्यांची परवानगी नसतानाही साष्टांग नमस्कार.

प्रथम माझी तक्रार ऐक. तू पाठवलेला चिवडा खायला आमच्या ट्रॉय गावातल्या जिममध्ये मला सक्त मनाई झाली आहे. मनाई करणारा रिमास, म्हणजे आपल्या सईचा बास्केटबॉल कोच. मूळचा लिथुआनियाचा. आपल्या घरी आला तर प्रत्येक दारात वाकून नमस्कार करावा लागेल, एवढा उंच. युरोपभर क्लबांतून खेळला, मग गुडघा गेला.

प्रॅक्टिस संपताना तो मुलींना चेंडूशिवाय, डोळे मिटून बास्केट करायला लावतो. अगदी तुझी मानसपूजा! त्या ध्यानात माझा चिवडा वाजला. सई ओरडली, “बाबा, प्लीज! माझा शॉट मिस झाला!” नसलेला चेंडू चुकवल्याचं पातक माझ्या माथी.

रिमास सांगत होता, ऑपरेशननंतर तो बिछान्यात पडून अख्खा सीझन मनातच खेळला. गुडघा सुधारला नाही, पण त्यातूनच हा कोच झाला.

मग मीही बाकावर डोळे मिटले. ओसरीवर वाळत घातलेले सांडगे दिसले, त्यांवरचं कोवळं ऊन दिसलं. मी कडी वाजवली, तशी तू पाटावरून झरकन उठून आलीस. डोळे उघडवेनात.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मात्र तू भिंत धरून उठलीस. विचारलं तर म्हणालीस, “काही नाही रे, पायाला मुंग्या आल्या.”

पडली होतीस का? मालिनीमावशी रोज डोकावते ना? आई, तू तिथे एकटी पडशील आणि मला इथे कळणारही नाही, याची मला फार भीती वाटते.

तुझा,
दिगंबर