स्कार्विकचा धक्का

लंडन, ता. १२ मार्च १८८४

ती. ग्रिझेलताई हिस धाकट्या निनियनचा शि. सा. न. वि. वि.

आईला सांग, सरकारचा स्कॉटलंडचा वकील झालो, तिकडची सगळी कामं संसदेत मांडू लागलो, तरी सकाळची ओटची लापशी सोडलेली नाही. आपल्या धाकट्या मॅग्नसचा टोमणाही पोचला, की दादा संसदेत बोलतो म्हणे, मग समुद्राला गप्प बसवून दाखव म्हणावं!

आपल्या बंदराला धक्का बांधायचं विधेयक काल सभागृहात आलं. स्कॉटलंडचं नाव निघताच अर्धी मंडळी जेवायला उठली. एकानं आपल्या हेरिंग मासळीच्या वासावरून विनोद केला, उरलेले हसले. मंत्र्यांचा निरोप आला, मागे घ्या. सरकारला यंदा घाई दिसत नाही, हे मलाच उभं राहून सांगावं लागलं. पुढच्या वर्षी पुन्हा मांडीन. तोवर ईशान्येचा वारा असला की मॅग्नसला होडी काढू देऊ नकोस. तो तुझंच ऐकतो.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा निनियन

स्कार्विक, ता. ९ एप्रिल

चि. निनियन यास अनेक आशीर्वाद.

कसं लिहू रे. आपला मॅग्नस गेला. सकाळी निघाले तेव्हा समुद्र तळ्यासारखा होता. दुपारी वारा फिरला. होडी बंदराच्या तोंडापर्यंत आली, पण लावणार कुठे? लाटेनं उचलून खडकावर आपटली. आम्ही बायका काठावरून बघत होतो. आई हाका मारत होती. त्यानं हात वर केलेला मी पाहिला. होडीतलं कोणीच वाचलं नाही.

तुला कोणी बोल लावत नाही. पण चर्चमधून परतताना बायका आईसोबत चालत नाहीत, पुढे निघून जातात. सभागृहात कोणी प्रश्न विचारणार आहे म्हणतात. या वेळी नीट बोल, बाबा.

जपून राहा.
तुझी ताई

लंडन, ता. २ मे

ती. ताईस शि. सा. न.

प्रश्न आला. उत्तर कचेरीतून लिहून आलं होतं, की घटना खेदजनक आहे, चौकशीची गरज वाटत नाही. बुडालेल्यांत माझा भाऊ होता, एवढं एकच वाक्य वर बोलायचं ठरवून गेलो होतो. उभा राहिलो, कागद वाचला आणि खाली बसलो. शेजारच्यानं पाठ थोपटली, म्हणाला, छान, मोजकं बोललात.

त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. माझ्या जागी दुसरा आलाही. तोही असलेच कागद वाचेल. घरी यावंसं वाटतं, पण आईसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?

माया उरली असेल तर दोन ओळी लिही.
निनियन

स्कार्विक, ता. १४ मे

चि. निनियन यास आशीर्वाद.

वर्तमानपत्र इकडेही आलं. आईला वाचता येत नाही. म्हणाली, वाच गं, माझा निनियन काय बोलला. मॅग्नसचं नाव त्यात नव्हतं. मी घातलं. तो माझा धाकटा भाऊ होता असं तू भर सभेत म्हणालास आणि सगळे उठून उभे राहिले, असं मी वाचलं. मॅग्नस गेल्यानंतर आई पहिल्यांदाच रडली. मग म्हणाली, इसोबेलला बोलाव, तिलाही ऐकू दे. इसोबेलचा नवरा त्याच होडीत होता. आणि तिला वाचता येतं.

ती आली. तिनं ओळींवरून बोट फिरवत बातमी वाचली. मग आईचा हात धरून म्हणाली, हो काकू, असंच छापलंय.

तू ये. आईनं विचारलं तर हेच सांग.

तुझी वाट पाहणारी,
ग्रिझेल