भरू म्हणाले होते मी

अहमदपूर
१७ जुलै २००१

प्रिय आशू,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे ठीक आहेत. आईला मी माझ्याकडेच आणलंय. तुला आत चपाती मिळते की भाकरी, हे दिवसातून चारदा विचारते. जसं काही मीच तिथली स्वयंपाकीण! लातूरच्या खोलीला कुलूप लावलंय. रिक्षा मालक गुरुपादप्पांनी स्वतःच्या दारात नेऊन उभी केली. एक तारखेपर्यंत तुझी वाट बघतो म्हणालेत, मग दुसऱ्या कुणाला भाड्याने देणार.

अक्षराकडे बघू नकोस, कचेरीत बसून लिहितेय. समोर उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी पालकांची रांग आहे. पोरांना क्लासच्या फीमध्ये सवलत हवी, म्हणून उत्पन्न कमी दाखवायचं. मोटरसायकल कोपऱ्यावर लावून येतात आणि तोंड बारीक करून उभे राहतात. पूर्वी मला हसू यायचं.

कोर्टाच्या दिवशी तुझ्या दाजींचा लग्नातला कोट मीच तुला घालायला लावला. बाह्या तोकड्या होत्या, तू कुरकुरलास, तरी घातलास. कुठंही जायचं तर नीटनेटकं जायचं, हे आपल्या आईचं. भूकंपानंतर शेडमध्ये राहत होतो, तेव्हा ट्रकमधून जुन्या कपड्यांचे गठ्ठे आले होते. सगळं गाव तुटून पडलं, आईनं आपल्याला हात लावू दिला नाही. तू कुडकुडत होतास आणि मला मात्र तिचा अभिमान वाटत होता. अजून वाटतो, काय करू!

साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तू हो म्हणालास. क्लासची नऊ पोरं रिक्षात कोंबलीस, रिक्षा उलटली, एका मुलीचा हात मोडला. नाही कसं म्हणणार? मग त्यांनी विचारलं, दंड भरायची ऐपत आहे का. तू तोंड उघडणार तोच मी मागून उठले. "आहे साहेब. आम्ही भरू." बाहेर व्हरांड्यात त्या मुलीचे वडील कुणाला तरी म्हणाले होते, "ह्यांच्याकून काय निघणार हाय?" तेच माझ्या डोक्यात घुमत होतं. साहेबांनी तुझ्या कोटाकडे बघितलं आणि तीन हजार दंड लावला. न भरल्यास दोन महिने कैद.

काल वकील रामकिशनराव आले होते. दंडाचे हप्ते पाडून मिळावेत, असा अर्ज त्यांनी तयार केलाय. तो मंजूर झाला की तुला सोडतील. त्यात तुझी ऐपत नाही, एवढं लिहिलंय. तू म्हणे सही केली नाहीस. वकिलांना म्हणालास, "अक्का भर कोर्टात भरू म्हणली. पगाराची वाट बघून राहिली असंल. मी ऐपत न्हाई म्हणून लिहून तिला खोटी पाडू का?"

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळी भाजी करपली. आत्ता एका दाखल्यावर उलटा शिक्का मारला, त्या माणसानेच दाखवला.

आशू, मी पगाराची वाट बघत नव्हते. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये साडेतीन हजार होते. तुझ्या भाचीच्या क्लासचे. प्रवेशाची शेवटची तारीख तीच होती. पोलीस तुला गाडीत बसवत होते तेव्हा मी दंड भरायच्या खिडकीपाशी उभी होते. तू हसून हात केलास. तुला वाटलं असेल, अक्का भरतेय. गाडी हलली आणि मी क्लासवर गेले. फी भरली, पावती घेतली, आणि आता कोर्ट बंद झालं असेल असं स्वतःला सांगत एसटीत बसले. तेव्हा तीन वाजले होते.

हे तुझ्या दाजींना माहीत नाही. आईलाही नाही. क्लासवाले पैसे परत देत नाहीत, काल फोन करून विचारलं.

अर्ज वकिलांच्या हातीच पाठवतेय. शुक्रवारी तो कोर्टापुढे ठेवायचाय. पहिला हप्ता पगारातून मी भरणार आहे. पण माझ्या भरवशावर बसू नकोस, आधी सही कर. साहेबांनी विचारलं तर मी उभी राहून सांगेन, की त्या दिवशी मी उगाच मोठेपणा केला. ऐपत नाही म्हणण्यात तुझी काही लाज जात नाही. लाज माझी गेलीय, आणि त्यासाठी तू एक दिवसही आत बसू नकोस.

मला खोटी पाडायची काळजी सोड. मी आधीच पडलेय.

अक्का म्हणायचं की नाही, ते बाहेर आल्यावर ठरव. तोवर नुसतीच,
लुंबिनी