उकंडराव सरांना शनिवारी हजर करणे

मेहकर, मंगळवार सकाळ

तीर्थरूप आबांच्या पायांवर नातू शिवमचं डोकं, आणि ते तिथेच राहू द्यावं, कारण पत्र संपेपर्यंत वर बघायची माझी हिंमत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? आजी अजून लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाही का? मी खुशाल आहे. खानावळ बरी आहे, अभ्यास भरपूर आहे आणि शनिवारला चारच दिवस उरले आहेत (कशाला, ते पुढे येईल). फोन मुद्दामच केला नाही. तुमचा फोन म्हणजे बाबांचा फोन, आणि तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तो स्पीकरवर. म्हणजे माझी गोष्ट आधी बाबांना, मग आईला आणि आठवडी बाजाराच्या दिवशी अख्ख्या मोताळ्याला कळणार. म्हणून आपल्या गावचे भागवतकाका इथे कामानिमित्त आलेत आणि आजच गावी परततात, त्यांच्या हाती हे पत्र देतो. वाचून झालं की चुलीत घाला.

घडलं ते असं. आमच्या भौतिकशास्त्राच्या मॅडमनी वीस गुणांचा गृहपाठ दिला. सारख्या वजनाचे, सारख्या आकाराचे दोन गोळे, एक भरीव आणि एक पोकळ. उतारावरून एकदम सोडले तर गडगडत आधी कोणता खाली पोचेल, आणि का? मला येईना. मोबाईलवर आमच्या पोरांचा अभ्यासाचा एक ग्रुप आहे, गावोगावच्या कॉलेजांतले दीड हजार जण त्यात आहेत. तिथे विचारलं. दोन दिवस कोणी हूं की चूं केलं नाही (एकानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं, पण ते उत्तर म्हणून लिहिता येत नाही). तेव्हा मला इथला बसस्टँड आठवला. तिथल्या पानटपरीवर ‘चिखलीची गाडी केव्हा?’ असं विचारलं तर कोणी मान वर करत नाही. पण ‘चिखलीची गाडी तर गेली’ असं नुसतं मोठ्यानं म्हणा, चार जण तुम्हाला येड्यात काढून मिनिटासकट वेळ सांगतात. मी तेच केलं. दुसरं नाव घेतलं आणि माझ्याच प्रश्नाला धडधडीत चुकीचं उत्तर दिलं, की दोन्ही गोळे सोबतच पोचतात, जसे घसरगुंडीवरून बाप आणि पोरगा. आता चूक काढायला झुंबड उडेल आणि खरं उत्तर आयतं हातात पडेल, असा माझा बेत होता.

आबा, ते दुसरं नाव तुमचंच. ‘उकंडराव सर’. फोटोही तुमचाच लावला, पुष्पांजलीताईच्या लग्नातला, कोट आणि पांढरी टोपी घातलेला. आबा, तिथेच घात झाला. तो कोट आणि त्या मिशा पाहून चूक काढायची एकाचीही छाती झाली नाही. ‘धन्यवाद सर’, ‘सर, किती सोपं करून सांगितलं’ असे दोनशे निरोप आले. आमच्या वर्गातल्या त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांनी ते उत्तर जसंच्या तसं उतरवलं (मीसुद्धा. म्हटलं, एवढे लोक मानतात तर असेलही). मग पोरं तुम्हाला आणखी प्रश्न विचारू लागली, भिंगाचे, लंबकाचे, विजेचे. मी पुस्तकं पालथी घालून उत्तरं देऊ लागलो. खरं सांगतो, स्वतःसाठी इतका अभ्यास मी कधीच केला नव्हता. कोणी ‘सर’ म्हटलं की मला उगाच मिशा फुटल्यासारखं वाटायचं.

त्या भरात मी जे केलं त्याची मला लाज वाटते. आमच्या वर्गात पायल आहे, दयाराम गुरुजींची मुलगी, दरवर्षी पहिली येते. तिनं उकंडराव सरांना वेगळा निरोप पाठवला की सर, माझ्या मांडणीत भरीव गोळा आधी येतो, गरगर फिरण्यात त्याची ऊर्जा कमी जाते, माझं कुठे चुकलं? ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते उत्तर दारात येऊन उभं होतं, आबा. पण दोनशे जणांसमोर सर चुकले असं कसं म्हणायचं? मी लिहिलं, ‘बेटा, शांतपणे पुन्हा पडताळून पाहा.’ तिनं पडताळलं, स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं आणि माझं चुकीचं लिहिलं.

काल मॅडमनी सगळ्या वह्या टेबलावर आपटल्या. त्रेचाळीस वह्यांत तोच बाप, तोच पोरगा, तीच घसरगुंडी. कोणीतरी घाबरून तुमचा फोटो दाखवला. मॅडमनी तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि सांगितलं, हे जे कोणी सर आहेत त्यांना शनिवारी अकरा वाजता माझ्यासमोर हजर करा, नाहीतर सगळ्यांना शून्य. सगळ्यांत पायलही आली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्यात दीड महिना शिकायला आमच्या कॉलेजातून एकच नाव जातं, ते तिचं ठरलं होतं. यादी शनिवारीच निघते, आणि गृहपाठात शून्य असलेलं नाव त्यात जात नाही. ती ती खोडलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. बाकी इकडे सगळं ठीक, काळजी नसावी.

तुमचा
शिवम

ता. क. : शनिवारी सहज मेहकरला येता का? तोच कोट घालून. बोलायचं काही नाही, मान हलवायची आणि ‘वयोमानानं चुकलं’ एवढंच म्हणायचं. बाबांना सांगा, इथल्या बालाजीच्या दर्शनाला जातो.

दुसरा ता. क., दुपारी : राहवलं नाही, शेवटी फोन केलाच. स्पीकरवर होता म्हणून बाकी सगळं गिळलं आणि अभ्यासातला म्हणून नुसता गोळ्यांचा प्रश्न विचारला. तुम्ही तो पुरा होऊ दिला नाही. “भरलाच आंधी येते बे! तीस वर्सं रस्त्याच्या कामावर डांबराचे पिपे गडगडवले म्या. भरला पिपा पुढं पयते, रिकामा मांगून ठणठण करत येते. हे तू मले आंधी काऊन नाही इचारलं?” मी रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज चांगली होती, आबा. दीड हजार जणांना मी तुमच्या नावानं शिकवलं आणि तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

तिसरा ता. क., घाईत, भागवतकाकांची गाडी लागली आहे : मॅडमकडे जाऊन सगळं कबूल केलं. माझे वीसही गुण गेले. पायलचं नाव यादीत राहिलं (खोडलेली ओळ मॅडमनी आधीच वाचली होती). बाकीच्यांनी शनिवारी नव्यानं लिहून द्यायचं. पायल माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग ग्रुपवर माझ्या खऱ्या नावानं खरं उत्तर टाकलं, तिचं नाव घालून. दहा मिनिटांत सतरा जण चूक काढायला धावले! ‘तू कोण बे मोठा शहाणा? उकंडराव सरांचं वाचलं नाही का?’ तेव्हा शनिवारी तुम्ही याच. मान हलवायची नाही, चुकलं म्हणायचं नाही. पिप्यांचं मी मॅडमना सांगितलं, तर त्यांनी शिपायाला एक भरला आणि एक रिकामा पिपा कॉलेजच्या उतारावर आणून ठेवायला सांगितलंय. गडगडवायचे तुम्ही. हे पत्र चुलीत घालू नका, बाबांना मोठ्यानं वाचून दाखवा. आणि कोट घालूनच या, त्याशिवाय पोरं ऐकायची नाहीत.