तुमचा अंगठा आणि माझा काठीवाला

तात्या, आज त्या टीव्ही गेमबद्दल लिहितोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोलायचं राहिलं ते हेच.

तुम्हाला लकवा झाला तेव्हा मी पदवी घेऊन घरी बसलो होतो. तुमचा उजवा हात लुळा पडला होता. मंचरच्या डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तुम्ही "मी काय तान्हं हाये?" म्हणत अंगणात भिरकावलात. मग मी मारामारीचा गेम आणला. बटणं दाबता दाबता बोटं हलतील, असं आईला सांगितलं; खरं तर मलाच खेळायचा होता. कॉलेजात असताना नारायणगावच्या स्टँडमागच्या गेमच्या दुकानात तास बुडवून मी एकच गडी शिकलो होतो, काठीवाला. समोरच्याला कोपऱ्यात गाठायचं, खाली बसायचं आणि त्याच्या पायात काठी घालत राहायचं. एवढ्यावर मी स्वतःला उस्ताद समजायचो.

तुम्ही मात्र गेममधले बाराही गडी शिकायला घेतलेत. शर्यतीत बैलगाडा जुंपायला तुम्हाला लांबलांबून बोलावणं यायचं. परक्याचा बिथरलेला बैलही तुमच्या हाताखाली गप उभा राहायचा. तीच नजर तुम्ही पडद्यावर लावलीत. "ह्यो लांब हाताचा भित्रा हाये, आंगावर गेलं की मागं सरतो. आन् ह्या जाड्याला घाई केलेली चालत न्हाई." मला हसू यायचं. पण प्रत्येकाची बटणं वेगळी, वेळ वेगळी. एकाची सवय लागली की दुसरा हातात बसायचा नाही. तुम्ही चिडायचात, आईवर डाफरायचात आणि परत खेळायला बसायचात. समोरच्याला कवळ्यात घेऊन आपटायची ती जाड्याची मिठी सगळ्यात अवघड. डाव्या हातानं रिमोटवरचं बाणांचं बटण पूर्ण गोल फिरवायचं आणि उजव्या अंगठ्यानं दोन बटणं एकदम दाबायची. दोन महिने तो अंगठा नुसता थरथरत होता. मग एका सकाळी मिठी बसली, माझा काठीवाला आपटला, आणि तुम्ही आईला हाका मारमारून चुलीपुढून उठवलंत.

आठवड्यानं गावची जत्रा. आंबेगावकडचे गाडामालक आपल्याकडे जेवायला आलेले. त्यातले एक हात पुसत म्हणाले, "आंगठा चालाया लागला म्हनं? कासरा धरता येत आसंल तर उद्या जुंपाया या की, तात्या."

"दावतो," एवढंच म्हणून तुम्ही रिमोट मांडीवर घेतलात. मी फक्त एकदा तुमच्या मिठीत आपटून घ्यायला हवं होतं, म्हणजे अंगठा चालतो हे त्यांना दिसलं असतं. पण दुसरा पाहुणा मला म्हणाला, "काय राव, म्हाताऱ्या बापाचा मार खातोस व्हय?" आणि माझं डोकं फिरलं. मी काठीवाला घेतला, तुम्हाला कोपऱ्यात गाठलं. पडद्याकडे मी बघतच नव्हतो, तात्या. मी तुमच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो बटणांकडे सरकला की काठी घालायची. पुन्हा सरकला, पुन्हा काठी. पाहुणे पोट धरून हसले. "झोपलाय अजून आंगठा," कुणीतरी म्हणालं. तुम्ही रिमोट खाली ठेवलात आणि म्हणालात, "चांगला खेळला."

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं नाही. गाडे पळत होते आणि तुम्ही ओट्यावर बसून नुसती हलगी ऐकत होतात. त्यानंतर तुम्ही गेमला हात लावला नाही, आणि अंगठा हळूहळू तळहातात वळला तो कायमचा. खेळच तो, असं स्वतःला सांगून पाहिलं. लाज काही कमी होत नाही.

पाहुण्यांसमोर आपण खेळलो तेव्हा आई मागच्या दारी पंगतीची भांडी घासत होती. तुम्ही खेळ का सोडलात म्हणून तिनं पुढे मला विचारलं, तेव्हा "तात्यांनाच कंटाळा आला" असं मी सांगितलं. मग शेवटपर्यंत ती तुम्हाला बोलत राहिली, "बोटं हलवायचा बी आळस, लई आळशी मानूस." तुम्ही ऐकून घ्यायचात, माझ्याकडे एकदा बघायचात आणि तिला काहीच सांगायचा नाहीत.

आई अजून आहे. तिला वाचता येतं, म्हणून हे पत्र मी घरात ठेवणार नाही.